अळीला तीन समन्स

आमचे घरमालक कोर्टात बेलिफ होते. म्हणजे कोर्टाची नोटीस घेऊन लोकांच्या दारात उभा राहणारा माणूस. जन्मभर तेच केलं, त्यामुळे रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले. मग त्यांनी घरामागच्या परसातल्या किड्यांना नोटिसा द्यायला सुरुवात केली. हे मी गमतीनं लिहीत नाही. खरोखर द्यायचे.

गल्लीतले सगळे त्यांना नाना म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का. धुळ्यात त्यांच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. रविवारी सकाळी टीव्ही लागला की सगळी गल्ली ज्याच्याकडे टीव्ही आहे त्याच्या घरात शिरायची, ते दिवस. मी शेतीच्या बी-बियाण्याच्या आणि औषधांच्या दुकानात हमाल. शाळा चौथीपर्यंत. बायको शिंदखेड्याकडची. तिला तेवढीही शाळा नाही, पण डोकं माझ्यापेक्षा बरं. ती गेली त्याला आता पाच महिने होतील. तिची आठवण काढायला बसलो की नाना मध्ये येऊन उभे राहतात, हलत नाहीत. म्हणून आधी त्यांचंच लिहून टाकतो.

खोली बघायला गेलो तर नानांनी आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न, "चूल आहे का गॅस?"

मी म्हटलं, "चूल."

"राख कुठं टाकता?"

"उकिरड्यावर."

"इथं ती मला द्यायची. रोज सकाळी. चाळून."

नंतर कळलं की आमच्या आधी एक मास्तर खोली बघून गेले होते. चांगला माणूस, दोघंच नवरा-बायको, पण घरात नवा गॅस. नानांनी हात जोडले. म्हणाले, गॅसवाल्या भाडेकरूचा मला काय उपयोग.

दुसरा प्रश्न ताकाचा. ताक आंबलं तर फेकायचं नाही, तेही त्यांना द्यायचं. तिसरा प्रश्न त्यांनी माझ्या बायकोला विचारला. "पाल मारता का?"

ती म्हणाली, "पाल दिसनी का मी पयी जास."

"पळा. पळायला हरकत नाही. मारायची नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज बदलला. "आता शेवटची अट. कसलीही पावडर, ढेकणांची, मुंग्यांची, कपाशीवरची, या फाटकाच्या आत आली तर सात दिवसांत खोली खाली. काम कुठं करता?"

मी म्हटलं, "बियाण्याच्या दुकानात." औषधांचं नाव गिळून टाकलं.

खोटं बोललो, कारण त्या घरात आड होता. दारासमोर, रहाट लावलेला, उन्हाळ्यातही पाणी असलेला आड. धुळ्यात तेव्हा नळाला चार-चार दिवस पाणी येत नसे. आधीच्या खोलीत बायको टँकरवरून हंडे आणायची, दोन डोक्यावर आणि एक कमरेवर. त्यात आमचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, हंडा उचलायचा नाही. म्हणून मला ती खोली हवी होती. नानांनी दिवसातून दहा वेळा राख मागितली असती तरी मी दिली असती.

परस म्हणजे काही फार मोठं नव्हतं. भरताच्या हिरव्या वांग्यांच्या चार ओळी, मांडवावर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा वेल, थोडी मिरची, कोपऱ्यात लिंबू, आणि कडेनं सगळीकडे झेंडू. झेंडू दसऱ्यालासुद्धा तोडू देत नसत. म्हणायचे, तो पहाऱ्यावर आहे. पण एवढ्याशा जागेत नानांनी सगळं कोर्ट भरवलं होतं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे असतात, पानांवरची मावा नावाची बारीक कीड खातात ते. ते नानांचे पट्टेवाले. कोर्टातल्या शिपायाच्या खांद्यावर लाल पट्टा असतो, म्हणून पट्टेवाले. कोळी म्हणजे कारकून, दिवसभर धाग्यांत बसलेला. पाल म्हणजे पोलीस. आणि कोतवाल नावाचा तो काळा पक्षी असतो ना दुभंगलेल्या शेपटीचा, त्याच्यासाठी त्यांनी वांग्यांमध्ये बांबू रोवून वर आडवी काठी बांधली होती. मी विचारलं, हे कशाला. म्हणाले, "साहेबांना खुर्ची नको?"

आणि आरोपी म्हणजे मावा, पांढरी माशी, आणि वांग्याच्या शेंड्यात शिरणारी ती अळी. शेंडा माना टाकायला लागला की नाना ओळीत उभे राहायचे, दोरी बांधलेला चष्मा लावायचे आणि मोठ्यानं वाचायचे. "वांग्याच्या शेंड्यात बेकायदेशीर वास्तव्य करणाऱ्या अळीस कळविण्यात येते की, सात दिवसांत ताबा सोडावा." कागद झाडाच्या बुंध्याला सुतळीनं बांधायचे. शेजारपाजारचे भिंतीवरून बघायचे. नानांना त्याचं काही नाही. नोटीस देताना लोक बघतातच, त्याची त्यांना सवय होती.

कागद हा नुसता मान ठेवायला. खरा समन्स वेगळा. पहिला समन्स म्हणजे निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवलेलं पाणी. त्यानं नाही हलले तर दुसरा, आंबट ताक. ते अक्कांच्या लग्नातल्या तांब्याच्या हंड्यात पंधरा दिवस ठेवायचे. हंडा उघडला की आमच्या खोलीत जेवण जात नसे. तिसरा समन्स लसूण आणि हिरव्या मिरच्यांचा काढा. तीन समन्स देऊनही हटले नाहीत तर वॉरंट, म्हणजे तंबाखूचं पाणी. तंबाखू ते विकत आणत नसत, जप्त करायचे. माझी पिशवी दोनदा जप्त झाली. पोखरलेले शेंडे खुडून खड्ड्यात पुरायचे, त्याला ते कब्जा घेणं म्हणायचे.

प्रत्येक काढा मारायच्या आधी नाना बोट बुडवून चाखायचे. "जे मी तोंडात घालू शकत नाही ते मी दुसऱ्याच्या अंगावर टाकत नाही," असं म्हणायचे. निंबोळीचा काढा चाखताना त्यांचं तोंड असं व्हायचं की अक्का आतून म्हणायच्या, "बघा, झालं समन्स बजावून. पहिला ह्यांच्यावरच."

अक्कांची जीभ तिखट होती. नाना फुशारकी मारायला लागले की त्या यावलची गोष्ट काढायच्या. यावलला नोकरीला असताना खाटेत ढेकूण झाले. नानांनी गादीखाली भरपूर पावडर टाकली आणि वर पालथे झोपले. सकाळी कोर्टात गेले, साहेबांपुढे कागद ठेवायला वाकले आणि कागदावरच ओकले. आठ दिवस पडून होते. अक्का म्हणायच्या, "ढेकूण मात्र बठ्ठे जित्ते. ते ह्यांना बघायला येत होते." नाना तेवढ्यात उठायचे. पिचकारी घेऊन परसात निघून जायचे.

पिचकारी म्हणजे होळीची, पितळेची. पंप घेतला नाही कधी. त्या पिचकारीनं एकदा शेजारच्या लग्नाची आब राखली. शेजाऱ्यांच्या पोरीची पाठवणी चालली होती आणि सगळे कोरडे. पोरगीच हसत होती, मग इतर कसे रडणार. इकडे नानांनी तिसरा समन्स काढला आणि वारा फिरला. लसूण-मिरचीचा तो फवारा मांडवात गेला. पोरगी रडली, आई रडली, बँडवाले रडले, नवरदेवाचे डोळे तर असे सुजले की सासरच्या बाया म्हणाल्या, पोरगा फारच हळवा आहे. ते शेजारी पुढं नानांना दरवर्षी दिवाळीचा फराळ पाठवायचे. का पाठवतात ते नानांना कधी कळलं नाही.

असं चाललं होतं आणि मी घोळ घातला.

दिवाळी होऊन गेली होती. बायकोला पाचवा महिना. तिला डोहाळा लागला भरताचा, आणि तोही नानांच्या ओळीतल्या वांग्यांच्याच भरताचा. बाजारातलं आणलं तर वास घेऊन बाजूला ठेवायची. पण ओळीत अळी आणि मावा दोन्ही बसले होते. नानांचा दुसरा समन्स चालू होता. मुदत संपेपर्यंत वांगं तोडायचं नाही, म्हणे. आणि ते गेले भाचीकडे पिंपळनेरला, अक्कांना घेऊन, दोन दिवस.

दुकानात एक पोतं फाटलं होतं. खाली सांडलेली पावडर मी झाडून कागदात बांधली आणि घरी आणली. मला वाटलं, नाना यायच्या आत कीड साफ होईल, त्यांना वाटेल त्यांचा समन्स लागला, तेही खूश आणि हिला वांगी. सकाळी दंव असताना फडक्याची पुरचुंडी केली आणि कपाशीवर मारतात तशी काठीनं ठोकत चारही ओळींवरून फिरलो. बायको तेव्हा पाणी शेंदत होती. तिला वाटलं मी नानांसारखी झाडांवर राख टाकतोय.

दुसऱ्या दिवशी डबा विसरला म्हणून दुपारी घरी आलो तर ती चुलीपुढे बसलेली आणि निखाऱ्यावर दोन वांगी. हिरवीगार, टम्म. म्हणाली, आता नाना रागावले तरी चालेल, मला राहवलं नाही.

मी हात घालून वांगी निखाऱ्यातून ओढली. बोटं भाजली. वांगी उकिरड्यावर फेकली आणि तिचे हात आडाच्या पाण्यानं धुतले, तीन वेळा. ती बघत राहिली. मग मी सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "नानास्ले तुम्ही सांगशात का मी सांगू?"

मी म्हटलं, सांगितलं तर खोली जाईल. ती म्हणाली, "अन् अक्का उद्या त्याच वांग्यासनं भरीत करतीन तं?" 

संध्याकाळी नाना आले. पिशवी ओट्यावर ठेवून आधी परसात गेले. मी मागून गेलो. ओळींमध्ये जमिनीवर त्यांचे पट्टेवाले पडले होते, पाय वर करून. कोळी जाळ्यांतच लटकलेले.  मी म्हटलं, "नाना, हे मी..."

"थांब. पंचनामा झाल्याशिवाय कबुली घेता येत नाही."

मग त्यांनी केळीच्या पानावर एकेक मेलेला किडा उचलून ठेवला आणि कागदावर लिहायला बसले. दोन पंच लागतात. एक अक्का. दुसरा घरात पुरुष नाही म्हणून मी. माझ्याच गुन्ह्याच्या पंचनाम्यावर पंच म्हणून मी सही केली. सहीला मला तसाही वेळ लागतो, त्या दिवशी जास्त लागला. "मयत पट्टेवाले सेहेचाळीस, कारकून अकरा," असं त्यात होतं. मग म्हणाले, "आता बोल."

मी सगळं सांगितलं. दुकानाचंही. त्यांनी ऐकलं, आत गेले, आणि दिवे लागायच्या सुमारास आमच्या दारात उभे राहिले. टोपी घातलेली, कोट घातलेला. हातात नोटीस. सात दिवसांत खोली खाली करावी. माझी पोच घेतली आणि चालायला लागले. नोटिशीतलं हस्ताक्षर सुरेख होतं.

मी पोत्यावर बसून राहिलो. डोळ्यांपुढे टँकर आणि ते हंडे. बायकोनं नोटीस माझ्या हातातून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती नीट घडी केली, डोक्यावर पदर घेतला आणि ओट्यावर जाऊन नानांपुढे ठेवली. मला वाटलं पोटातल्या बाळाचं सांगेल, पाया पडेल. तसं काही केलं नाही. म्हणाली, "नाना, येक इचारू?"

"विचारा."

"अळीले तीन समन्स देतस तुम्ही. माव्याले तीन देतस. तीन व्हई गयात का मग वारंट. बराबर?"

"बरोबर."

"मग मन्हा मानूसले येकदम वारंट? तो काय अळीथून वाईट शे?"

नानांनी चष्मा पुसला. अक्का आतून पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. हसू दाबायला लावला होता, दाबलं जात नव्हतं. म्हणाल्या, "उत्तर द्या ना आता. चाळीस वर्षं लोकांना कायदा सांगितला."

नानांनी नोटीस उघडली, परत वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली. मागे काहीच नव्हतं. शेवटी म्हणाले, "हरकत नोंदवून घेतली. निकाल सकाळी."

ती आमची रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सकाळी निकाल. खोली राहिली. पण शिक्षा अशी, की मी ज्यांना मारलं त्यांचं काम मी करायचं. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी तास-दीड तास वांग्याच्या ओळीत उकिडवं बसून, प्रत्येक पान उलटं करून मावा बोटानं पुसायचा, अळी वेचायची. किती दिवस? पहिला पट्टेवाला परत रुजू होईपर्यंत. तोवर त्या ओळीतलं एक वांगंही कोणी खायचं नाही, सगळं खड्ड्यात. आणि कामावर असताना गणवेश पाहिजे. नानांनी ट्रंकेतून कोर्टातल्या शिपायाचा जुना लाल पट्टा काढला आणि माझ्या खांद्यावरून घातला.

शेजारी भिंतीवर कोपरं टेकून उभे. एकानं विचारलं, "काय भाऊ, किती खाल्ला आज मावा?" मी त्याच्याकडे बघितलं नाही. बायको माझ्याकडे बघून इतकी हसली की तिला आडाच्या कठड्यावर बसावं लागलं. पोटाला हात लावून हसत होती. मग दुसऱ्या दिवसापासून तीही पाट घेऊन समोरच्या ओळीत बसायला लागली. वाकायचं नाही, असं मी सांगितलं, म्हणून हाताशी येतील तेवढीच पानं बघायची.

मी पोती वाहणारा माणूस. सकाळी जायचो, अंधार पडता यायचो, जेवून आडवा व्हायचो. तीन वर्षांत आम्ही नवरा-बायको किती बोललो असू, मीठ कमी आहे आणि रॉकेल संपलं एवढंच. आता रोज तासभर समोरासमोर, मध्ये वांग्याचं झाड. काहीतरी बोलणं आलंच. तेव्हा मला कळलं की तिला शीळ वाजवता येते. तिला गिलकं अजिबात आवडत नाही, तीन वर्षं माझ्यासाठी खात होती. लग्नाआधी एकदा पाहुणे बघायला आले म्हणून ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत निंबाच्या झाडावर चढून बसली होती, खाली उतरलीच नाही. मी म्हटलं, बरं केलं, कोण होते ते पाहुणे? ती अळी डब्यात टाकत म्हणाली, "तुमनाच मानसं व्हतात त्या."

नाना रोज यायचे, चष्म्यातून पानं तपासायचे. "काम कच्चं आहे. पट्टेवाला पानाची शीर सोडत नाही." मग विचारायचे, "कोणी रुजू झालं?" मी म्हणायचो, नाही.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी पान उलटं केलं तर तिथे लाल ठिपका. जिवंत, चालत होता. मी पान हळूच सोडून दिलं. नाना आले. "कोणी रुजू?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिसले. मी म्हटलं, नाही. आठवड्यात दहा-बारा झाले आणि मी त्यांच्यावर हात आडवा धरून खोटं बोलत राहिलो. थंडी होती, पाय आखडायचे, खांद्यावर तो पट्टा, तरी.

संक्रांत झाली आणि तिचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. एसटीत बसवून दिली. दुसऱ्या सकाळी मी सवयीनं उठलो, पट्टा घातला, ओळीत बसलो. नाना आले आणि पट्टा माझ्या खांद्यावरून काढून घेतला.

"ऊठ रे भाऊ. सुटला तू."

"पण पट्टेवाले?"

"ते महिना झाला रुजू होऊन. मी काय आंधळा शे?"

"मग सांगितलं का नाही?"

"तू तरी कुठं सांगितलंस?" ते म्हणाले आणि कोतवालाची काठी सरळ करायला गेले.

अक्षय तृतीयेला ती मुलीला घेऊन आली. नानांनी पाळण्याला निंबाचा डहाळा बांधला आणि चाखून बघितला. एके दिवशी मुलीला पाजता पाजता ती मला म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं होतं, रागावू नका. तुमची शिक्षा कधीच संपली होती. पहिला पट्टेवाला मलाच दिसला, तुमच्या ओळीत, पौषाच्या सुरुवातीला. मी तो पदरात धरून गिलक्याच्या वेलावर नेऊन सोडला. मग रोज तुम्ही यायच्या आधी उठून बघायची आणि दिसेल तो तिकडे नेऊन ठेवायची. तुम्ही बिचारे बसलात थंडीत मावा पुसत.

एवढं सांगून ती अशी हसली की मूल दचकलं.

मी रागावल्यासारखं केलं. ती हे जन्मभर सगळ्यांना सांगायची. मुलीला, जावयाला, नातवंडांना, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईलासुद्धा. तुमच्या बाबांना मी कसं फसवलं. नाना होते तोवर तेही ऐकायचे आणि माझ्याकडे न बघता मान हलवायचे. पट्टेवाले मलाही दिसत होते, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. तिची गोष्ट चांगली होती. मी हसू दिलं तिला.